नमुना पीसीबी स्वस्तात बनवून घेण्यासाठी कारखाना कसा निवडावा

पाच-दहा नगांचा नमुना पीसीबी (इलेक्ट्रॉनिक भाग जोडण्यासाठी तांब्याच्या वाटा असलेला बोर्ड) कोणाकडून स्वस्तात बनवून मिळेल, या प्रश्नाला सरसकट लागू पडेल असे उत्तर नाही, कारण संकेतस्थळावर दिसणारा दर आणि पार्सल नांदेडला किंवा लातूरला हातात पडेपर्यंत खिशातून गेलेली रक्कम यांचा मेळ क्वचितच बसतो. त्यामुळे कारखान्यांच्या नावांकडे वळण्याआधी आपल्याला नेमका कसा बोर्ड हवा आहे, हे कागदावर उतरवावे.

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर मोबाइलवरून चालू-बंद करणारे यंत्र आपल्याकडे अनेक विद्यार्थी आणि लहान उद्योजक बनवतात, म्हणून तेच उदाहरण घेऊ. सर्किट चालते की नाही एवढेच पाहायचे असेल, तर बाजारात मिळणाऱ्या झिरो पीसीबीवर (नुसती छिद्रे असलेल्या तयार बोर्डावर) जोडणी करून पाहावी आणि कारखान्याचा खर्च तूर्त टाळावा. मात्र जीएसएम मॉड्यूल (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग), रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि वीजपुरवठा एकाच बोर्डावर आणायचा झाला, की कारखान्याला पर्याय उरत नाही. अशा यंत्राला बहुधा दोन लेयर (तांब्याचे थर), एफआर-4 (काचतंतूंचा नेहमीचा बोर्ड), 1.6 मिलिमीटर जाडी, 35 मायक्रॉन तांबे, हिरवा मास्क (तांब्यावरचा रंगीत संरक्षक लेप) आणि एचएएसएल फिनिश (सोल्डर करायच्या जागांवर सोल्डरचाच मुलामा) एवढे पुरते. हेच वर्णन सर्वांत स्वस्त का पडते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. कारखाना अनेक ग्राहकांची डिझाइन एकाच मोठ्या पॅनेलवर बसवतो आणि तयारीचा खर्च सर्वांत वाटला जातो. तुमची जाडी, तांबे किंवा फिनिश वेगळे असेल, तर तुमच्यासाठी निराळे पॅनेल चालवावे लागते आणि दर एकदम चढतो. बोर्डाचा आकारही असाच आहे. कित्येक कारखान्यांच्या नमुना योजनेची मर्यादा 100 बाय 100 मिलिमीटर असते, त्यामुळे बोर्ड 104 मिलिमीटरचा होत असेल तर कनेक्टर सरकवून ते चार मिलिमीटर वाचवावेत. काळा किंवा जांभळा मास्क दिसतो देखणा, पण स्टार्टरच्या पेटीत तो पाहणार कोण? बारीक पायांची आयसी (चिप) नसेल तर सोन्याच्या मुलाम्याचे ईएनआयजी फिनिशही घेऊ नये.

मात्र काही ठिकाणी काटकसर अंगाशी येते. मोटारीचा पुरवठा 415 व्होल्टचा असतो, म्हणून ती बाजू आणि मायक्रोकंट्रोलरची बाजू यांच्यात पुरेसे अंतर ठेवावे आणि शक्य तेथे बोर्डात आरपार खाच ठेवावी. अशी खाच दरात धरली आहे का, हे आधीच विचारावे. 35 मायक्रॉन तांब्याच्या बाहेरील ट्रॅकमधून (बोर्डावरच्या तांब्याच्या वाटेतून) 3 अँपिअर प्रवाह न्यायचा असेल, तर साधारण दीड मिलिमीटर रुंदी लागते. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याची पेटी आधीच तापलेली असते, म्हणून त्याहूनही रुंद ट्रॅक ठेवणे शहाणपणाचे ठरते. डिझाइनमध्ये ट्रॅक आणि त्यांमधील अंतर 0.15 मिलिमीटरपेक्षा आणि छिद्रे 0.3 मिलिमीटरपेक्षा बारीक नसावीत. त्याखाली गेल्यास अनेक ठिकाणी जादा आकार लागतो.

आता कारखान्यांकडे वळू. चीनमधील जेएलसीपीसीबी आणि पीसीबीवे यांसारख्या कंपन्यांचा नमुना बोर्डाचा दर आश्चर्य वाटावे इतका कमी असतो, परंतु त्यात कुरिअर, सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) यांची भर पडते. शिवाय कुरिअर कंपनी शुल्क आपल्या वतीने भरून त्यावर हाताळणीचे पैसे घेते, आणि केवायसीची कागदपत्रे अपुरी असली तर पार्सल अडकून पडते. गांधीनगरची पीसीबी पॉवर किंवा बंगळुरूची लायन सर्किट्स यांसारख्या भारतीय कंपन्यांचा मूळ दर बहुधा जास्त वाटतो, पण सीमाशुल्काची कटकट नसते, रुपयांत रीतसर बिल मिळते आणि अडचण आल्यास फोनवर बोलता येते. जीएसटी नोंदणी असलेल्या उद्योजकाला 18 टक्के कराचे इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घेता येते, तर महाविद्यालयातील विद्यार्थ्याला तो सगळा खर्चच ठरतो. म्हणून एकच कारखाना एकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग पडू शकतो. एकट्या विद्यार्थ्याने परदेशातून मागवण्याऐवजी वर्गातील चार-पाच गटांनी मिळून एकच ऑर्डर द्यावी, कारण परदेशी मागणीत बोर्डापेक्षा वाहतूकच जड जाते.

तुलना करताना एकच गर्बर फाइल (कारखान्याला द्यायचा बोर्डाचा नकाशा) किमान तीन ठिकाणी पाठवावी आणि बोर्डाची किंमत, टूलिंग (उत्पादनाची पूर्वतयारी), विद्युत चाचणी, वाहतूक, शुल्क व कर असे रकाने पाडून बेरीज करावी. भारतीय कोटेशनमध्ये टूलिंगचा एकरकमी आकार बऱ्याचदा वेगळा असतो; दुसऱ्या ऑर्डरला तो पुन्हा लागेल का, हे लेखी घ्यावे, कारण पहिला नमुना जसाच्या तसा पास होणे दुर्मीळ असते. विद्युत चाचणी दरात नसेल तर तो दर स्वस्त समजू नये: तुटलेला ट्रॅक शोधण्यात मल्टिमीटर घेऊन घालवलेला दिवसही खर्चच असतो. वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्सचे काम करणारी ओळखीची मंडळी असतील, तर ती बोर्ड कोठून मागवतात हे जरूर विचारावे.

कारखान्याची खरी पारख बोर्ड बनण्याआधीच होते. छिद्र पॅडच्या (भाग सोल्डर करायच्या तांब्याच्या ठिपक्याच्या) काठाला फार जवळ आहे, किंवा ड्रिल फाइल आणि गर्बर जुळत नाहीत, असा प्रश्न जो कारखाना पाठवतो, तो फाइल उघडून पाहतो. काहीही न विचारता छापून मोकळा होणारा कारखाना तेवढा भरवशाचा नसतो. बोर्ड हाती आल्यावर एक उजेडासमोर धरून भिंगातून पाहावा: छिद्र पॅडच्या मधोमध असावे, एका बाजूचे तांब्याचे कडे दोऱ्याइतके पातळ झालेले नसावे आणि आयसीच्या दोन पायांमधील मास्कची पट्टी शाबूत असावी. त्यानंतर एका बोर्डावर दोन-तीन पॅड मुद्दाम पुन्हा पुन्हा सोल्डर करून काढावेत. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाच पॅड उचलला गेला, तर पन्नास नगांची ऑर्डर त्या कारखान्याला देऊ नये, दर कितीही कमी असो.