नावेला व्हार्निश लावायचं तर

व्हार्निश कोणतं घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो : नाव उन्हाळ्यात कुठं असते? आमच्या पैठणकडचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, उथळ. पाणी हटायला लागलं की काठ पार लांब सरकतो आणि नाव गाळपेरीच्या कडेला उघड्यावर पडून राहते. वर चैत्र-वैशाखाचं बेचाळीस डिग्रीचं ऊन. पावसाळाभर पाण्यात राहून लाकडाचं जेवढं बिघडत नाही, तेवढं या दोन महिन्यांत बिघडतं.

व्हार्निश पारदर्शक असतं, म्हणून ऊन त्यातून आरपार जातं आणि खालच्या लाकडाचा वरचा थर जाळतं. तो थर सुटला की व्हार्निशला धरायला जागाच राहत नाही, पापुद्रे निघतात. लोक म्हणतात माल खराब होता. माल चांगलाच असेल, पण घरातल्या कपाटाचा असेल.

तेव्हा दुकानात डब्यावर दोन गोष्टी बघायच्या : बाहेरच्या लाकडासाठी आहे का, आणि त्यात यूव्ही, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, रोखणारा घटक आहे का. स्पार व्हार्निश मिळालं तर तेच घ्या. त्यात तेलाचं प्रमाण जास्त असतं, म्हणून थर लवचिक राहतो. नावेचं लाकूड ओलं झालं की फुगतं, सुकलं की आक्रसतं. थरानं त्याच्याबरोबर हलायला पाहिजे. दोन डब्यांचं, हार्डनरवालं पीयू (पॉलियुरेथेन) कडक होतं, चमकतं झकास. पण सांध्यांत हालचाल असलेल्या जुन्या नावेवर त्याला तडा गेला की पाणी आत शिरतं आणि दुरुस्तीला सगळं घासून काढावं लागतं. नवी, घट्ट बांधणीची नाव असेल तर ठीक. पीयूची वाफ छातीला वाईट, साधा रुमाल पुरत नाही.

मेलामाइन, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आणि चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश ही घरातल्या फर्निचरची, बाहेर नकोच. चपडा पाणी लागलं की पांढरा पडतो. नुसतं जवसाचं तेल चोपडणारेही आहेत. जवस आपल्याकडचंच, वासही छान. पण वर दुसरं काही नसेल तर ओलीत त्याच्यावर काळी बुरशी धरते.

आणि हे सगळं पाण्याच्या वरच्या भागाचं : काठाची पट्टी, बसायच्या फळ्या, वल्ही. जो भाग कायम पाण्यात असतो तिथं व्हार्निश टिकत नाही. तळाला डांबर लावतात, ते लावत राहा.

आता लाकूड. ते खडखडीत वाळलेलं पाहिजे. नाव पाण्यातून काढून सावलीत ठेवा, लगेच ब्रश उचलू नका. जुने पापुद्रे पटाशीनं उचकटू नका. काचेचा तुकडा लाकडाच्या रेघेच्या दिशेनं ओढा, सफाईदार निघतात. मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, एकशे वीस, शेवटी एकशे ऐंशी. कडा टोकदार ठेवू नका, हातानं गोल करा. धारेवर व्हार्निशचा थर पातळ बसतो आणि पहिला तिथंच फुटतो.

तारेच्या घासणीला हात लावायचा नाही. तिचे बारीक तुकडे लाकडात अडकून गंजतात आणि काळे ठिपके उठतात. बाभळीत तर टॅनिन, म्हणजे लोखंडाशी काळं पडणारा तुरट अंश, भरपूर. लोखंडी खिळ्याभोवती काळं वर्तुळ दिसतं ते त्यामुळंच. डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं जातो. हातमोजे घाला, नंतर साध्या पाण्यानं नीट धुवा आणि परत वाळू द्या. किनवटकडचं सागवान असेल तर त्याचं अंगचं तेल ॲसिटोनच्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर व्हार्निशचा पहिला हातच पकडत नाही.

हात मारायची वेळ मी दिवाळीनंतर ते माघापर्यंत धरतो. त्यातही सकाळी दव वाळल्यावर सुरू करायचं आणि दुपारी दोनच्या आत आटपायचं. संध्याकाळी धरणावरून गारवा येतो, दव पडतं, आणि अर्धवट वाळलेल्या थरावर ते बसलं की चमक जाऊन धुरकट रंग येतो. फाल्गुनात काम निघालंच तर दहाच्या आत उरका. खूण सोपी आहे : फळीवर तळहात ठेवा. निवांत ठेवता येत नसेल तर लाकूड तापलंय, व्हार्निशला फोड येतील. सुरू करण्याआधी आजूबाजूच्या जमिनीवर पाणी मारा, धूळ बसते.

डबा हलवायचा नाही, काडीनं सावकाश ढवळायचं. हलवला की बुडबुडे होतात आणि ते फळीवर उतरतात. पहिला हात निम्मं व्हार्निश, निम्मं टर्पेंटाइन, म्हणजे लाकूड ते पितं. दुसऱ्यात टर्पेंटाइन पाव हिस्सा. पुढचे जवळपास निव्वळ. ब्रश आधी आडवा फिरवून माल पसरवा, शेवटी टोकानं रेघेच्या दिशेनं हलका ओढा.

दोन हातांमध्ये किमान एक दिवस. नंतर तीनशे वीसचा पेपर हलक्या हातानं. पांढरी भुकटी निघाली तर वाळलंय. पेपरला चिकट गोळे धरले तर अजून एक दिवस थांबा, घाई नको. असे सहा हात तरी पाहिजेत, आणि ज्या फळ्यांवर ऊन सरळ पडतं त्यांना आठ.

एक जागा लोक हमखास विसरतात : फळीची आणि वल्ह्याची कापलेली टोकं. तिथं लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, पाणी सरळ आत ओढतात. टोकाला पातळ व्हार्निश पाजत राहा, प्यायचं थांबेपर्यंत. वल्ह्याचा दांडा जिथं हातात येतो तो भाग मात्र मी कोराच ठेवतो. एका भोई मामांनी मला ऐकवलं होतं, ‘मिस्तरी, चमक तुमी बगा, वल्हं आमाला धरायचंय.’ ओल्या हातातून व्हार्निशचा दांडा निसटतो, त्यांचं बरोबर होतं.

पुढं दर हिवाळ्यात, चमक जायच्या आत, हलकं घासून दोन हात. फळीवर पाणी शिंपडून बघा. थेंब उभे राहिले तर थर शाबूत आहे. पाणी पसरून लाकूड काळवंडलं तर उशीर झालाय, तेवढा तुकडा कोऱ्या लाकडापर्यंत घासावा लागेल. उरलेलं व्हार्निश मोठ्या डब्यात अर्धवट ठेवू नका, साय धरते. छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा. वर्षभरात कुठं टवका उडाला की बोटभर लावायला उपयोगी पडतं.

व्हार्निश किंवा जवसाचं तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेतात, आपल्याकडच्या गरमीत तर लवकरच. एकेक उलगडून तारेवर वाळत घाला, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका.