ब्रिटनमध्ये सदोष कपडे परत करताना

कोटाची खांद्यावरची शिवण दुसऱ्यांदा घालतानाच उसवली. खरेदीला एकोणीस दिवस झाले होते. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करताच सांगितलं, "आमची मुदत चौदा दिवसांची." मागे रांग होती, मी ओशाळून घरी आले. तसं तुमचं होऊ नये, म्हणून हे लिहितेय.

दुकानाची मुदत असते ती नुसती आवड बदलली तर. तिथे दुकान म्हणेल ते खरं, कायदा मदतीला येत नाही. पण वस्तूच सदोष असेल तर 2015 चा ग्राहक हक्क कायदा 30 दिवसांत पूर्ण पैसे परत मागायचा हक्क देतो, आणि तो दुकानाच्या पाटीने रद्द होत नाही. 30 दिवस उलटले, तर आधी दुरुस्ती किंवा बदली वस्तू द्यायची संधी दुकानाला मिळते.

पावती हरवली? बँकेच्या स्टेटमेंटवरची नोंद पुरावा म्हणून चालते. उसवलेल्या जागेचा फोटो आधीच काढून ठेवा.

दुसऱ्या खेपेला मी मॅनेजरला बोलावलं, कायद्याचं नाव घेतलं आणि आवाज चढवला नाही. "हा नकार मला लेखी द्याल का?" एवढंच विचारलं. पैसे त्याच कार्डावर परत आले. क्रेडिट व्हाउचर पुढे केलं तर घेऊ नका, सदोष मालासाठी ते घ्यायचं बंधन नाही. तरीही अडवलं, तर 'सिटिझन्स ॲडव्हाइस' या सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो.

ऑनलाइन घेतलेले कपडे मात्र, ते हातात पडल्यापासून 14 दिवसांत कारण न देताही नाकारता येतात.