दुकानाची वेबसाइट स्वतः बनवायची की बनवून घ्यायची? आधी डोमेन आपल्या नावावर करा

माझ्या मावशीचा लालबागला घरगुती फराळाचा धंदा आहे. तीन वर्षांपूर्वी ऐन दिवाळीच्या तोंडावर तिची वेबसाइट बंद पडली, कारण ज्या मुलाने ती बनवून दिली त्याने डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं, रिन्यूअलचे मेल त्यालाच जायचे, मग त्याने नोकरी बदलली, नंबर बदलला आणि विषय संपला. साइटचा पत्ता छापलेले चिवड्याचे बॉक्स घरात रचून ठेवलेले, आम्ही सगळ्यांनी रात्री बसून प्रत्येक बॉक्सवर व्हॉट्सअ‍ॅप नंबरचं स्टिकर चिकटवलं.

म्हणून कोणी मला विचारलं की साइट स्वतः करू की प्रोफेशनलला देऊ, तर मी आधी डोमेनचं सांगते. डोमेन म्हणजे दुकानाची पाटी. उद्या गाळा बदललात तरी पाटी आपलीच राहिली पाहिजे. तेव्हा ते आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाईल नंबरवर, आपल्या पैशाने घ्या, काम कोणालाही द्या. पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षापासून किती लागणार ते आधी वाचा, आणि ऑटो रिन्यू चालू करा. डॉट इन किंवा डॉट कॉम बरं. देवनागरीत डॉट भारत 2014 पासून मिळतं, पण ते जोडीला ठेवा, कारण पत्ता टाइप करताना बरेच जण इंग्रजी कीबोर्डच वापरतात.

त्यानंतर गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल मॅपवर दिसणारी दुकानाची नोंद. फुकट आहे आणि पार्लर, क्लास, दवाखाना, खानावळ अशांना निम्मं काम तिथेच होतं, कारण माणूस दादर स्टेशनला उतरून मॅपवरच शोधतो. टायमिंग, फोटो, फोन नंबर नीट भरा. पूर्वी ह्याच प्रोफाइलमधून एक साधी साइट फुकट मिळायची, ती सोय गूगलने मार्च 2024 मध्ये बंद केली, तेव्हा जुन्या व्हिजिटिंग कार्डवर ती लिंक असेल तर बदलून घ्या.

आता एका कागदावर लिहा की गिऱ्हाईक तुमच्या साइटवर येऊन नेमकं काय करणार. पत्ता, रेट बघून व्हॉट्सअ‍ॅप करणार एवढंच असेल तर स्वतः करा, शनिवार-रविवारचं काम आहे. वीस-तीस वस्तू ऑनलाइन विकायच्या असतील तरी शॉपिफायसारख्या ऑनलाइन दुकान मांडायच्या सेवेवर स्वतः जमतं, फक्त वेळ लागतो. पण होलसेलचे रेट वेगळे, स्टॉक टॅलीशी जुळवायचा, चार डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट वेगवेगळ्या, असं काही असेल तर प्रोफेशनल गाठा, तिथे वेबसाइट बिल्डरशी, म्हणजे तयार साच्यातून साइट बनवायच्या सेवेशी, झटापट करत महिना घालवू नका.

स्वतः करणार असाल तर बिल्डर निवडताना हे लक्षात ठेवा: विक्ससारखा तयार बिल्डर म्हणजे भाड्याचा गाळा. सोपा, सगळं आतच मिळतं, पण तिथली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या दुसऱ्या सर्व्हरवर, नेता येत नाही, सोडायचं ठरलं की पुन्हा नव्याने मांडामांड. वर्डप्रेस हे साइट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर स्वतःच्या होस्टिंगवर टाकलं तर साइट हलवता येते, पण अपडेट आणि बॅकअप तुमच्या डोक्यावर. पाच पानांच्या साइटला मी भाड्याचा गाळाच सुचवेन.

खरा वेळ जातो तो मॅटर आणि फोटोंत. फोटो खिडकीपाशी दिवसाउजेडी काढा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो परत वापरू नका, तो फुटतो, आणि फोनमधला मूळ फोटो चार-पाच एमबीचा असतो तो दोन-तीनशे केबीपर्यंत आणा नाहीतर पान उघडायलाच वेळ लागेल. मराठी मजकुरात एक गोष्ट हमखास अडवते. मेन्यूकार्ड डीटीपीवाल्याने श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेलं असतं, तो मजकूर कॉपी करून साइटवर टाकला की चकल्यांऐवजी कसलीतरी चिन्हं दिसतात, आमच्याकडे अनारशांचं अक्षर न अक्षर असंच झालं. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखं दिसणाऱ्या मराठीत, कन्व्हर्ट करा किंवा सरळ फोनवर बोलून पुन्हा टाइप करा. फॉन्टसाठी मुक्त किंवा बलू घ्या, दोन्ही आपल्या मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या फॉन्ट बनवणाऱ्यांचे आहेत, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि त्यांत जोडाक्षरं छान दिसतात.

व्हॉट्सअ‍ॅपचं बटण वरच ठेवा, लिंकमध्ये नंबर 91 ने सुरू करा, पुढे प्लस किंवा शून्य नको. पेमेंट घेणार असाल तर पेमेंट गेटवेवाले (ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या कंपन्या) पॅन, बँक खातं तर मागतातच, शिवाय साइटवर संपर्क, अटी, प्रायव्हसी आणि रिफंडची पानं आहेत का तेही बघतात, ती आधीच लिहून ठेवा. खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआय नंबर, म्हणजे फूड लायसन्सचा नंबर, टाका. सगळं झालं की साइट लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाईल डेटावर उघडून बघा, तुमचं गिऱ्हाईक तशीच उघडणार आहे.

प्रोफेशनलला देणार असाल तर त्याने केलेल्या दोन-तीन चालू साइट मागा आणि त्या मालकांना फोन करून एकच विचारा, साइट बंद पडली तेव्हा ह्याने फोन उचलला का? कोटेशन लेखी घ्या, त्यात पानं किती, मजकूर कोण लिहिणार, बदल किती वेळा फुकट, वर्षाचं मेंटेनन्स किती, जीएसटी धरून की वेगळा, हे सगळं असू दे. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा हप्ता तेव्हाच द्या जेव्हा होस्टिंगचा आणि अ‍ॅडमिनचा लॉगिन तुमच्या हातात आलाय आणि तुम्ही स्वतः आत जाऊन एका वस्तूचा रेट बदलून पाहिलाय.

मधला रस्ताही आहे, साइट स्वतः बनवा आणि फोटो किंवा लोगो तेवढा माणसाकडून करून घ्या. मावशीने तेच केलं. आता डोमेन तिच्या ईमेलवर आहे, चकलीचा भाव ती स्वतः फोनवरून बदलते, ऑटो रिन्यू चालू आहे आणि तरीही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रिन्यूअलच्या महिनाभर आधीच्या तारखेला तिने लाल पेनाने गोल केलाय.