चाळिशीनंतर वेब डिझाइनमध्ये आलात? काम शोधताना या चुका टाळा

महिन्याला दोन-तीन जण तरी मला आपला पोर्टफोलिओ पाठवतात. बहुतेक चाळिशी ओलांडलेले. कोणी बँक सोडून आलेलं, कोणी शिकवणं सोडून, कोणी कारखान्यातल्या पाळ्यांना कंटाळून. विचारणं एकच असतं: "कोर्स झाला, सर्टिफिकेट हातात आहे, मग काम का मिळत नाही?" मी स्वतः ४४व्या वर्षी या क्षेत्रात आलो. त्याआधी १७ वर्षं औषधांच्या घाऊक वितरणात ऑर्डर आणि डिस्पॅच सांभाळलं. त्यामुळे हे विचारताना माणसाच्या पोटात काय कालवाकालव होते, ते मला ठाऊक आहे. पण पाठवलेली लिंक उघडली की त्याच त्या चुका समोर येतात. प्रत्येकाला वेगळं सांगून दमलो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो आहे.

आधीची नोकरी बायोडेटातून पुसून टाकणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण ती मी केली आणि तिच्यापायी आठ महिने गेले.

कोर्स संपल्यावर बायोडेटा बनवला, तेव्हा १७ वर्षांची नोकरी एका ओळीत उरकली. पुढे तीही ओळ काढली. वय दिसलं की लोक पुढे वाचत नाहीत, असं कोणीतरी सांगितलं होतं आणि मी ते मनावर घेतलं. मग कागदावर उरलं काय? एचटीएमएल, सीएसएस (पानाची मांडणी आणि रंगरूप ठरवणारा कोड), थोडी जावास्क्रिप्ट, फिग्मा हे डिझाइनचं साधन आणि सहा महिन्यांचा कोर्स. हा तर नुकत्याच कॉलेजमधून बाहेर पडलेल्या मुलाचा बायोडेटा झाला. त्या मुलाला कमी पगार चालतो आणि त्याच्यावर घरची जबाबदारीही नसते. त्याच्याच रांगेत मी स्वतःहून जाऊन उभा राहिलो होतो. अर्ज पाठवत होतो, उत्तरं येत नव्हती.

शेवटी एका छोट्या एजन्सीने मुलाखतीला बोलावलं. मुलाखत घेणाऱ्या बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील. कागद वाचून त्यांनी विचारलं, "तुमचं शिक्षण कधीच संपलंय आणि कोर्स आत्ता केलात. मधली वर्षं काय करत होतात?" मी आधी अडखळलो, मग सगळं सांगितलं. योगायोगाने त्यांच्याकडे तेव्हा एका औषध वितरकाचं ऑनलाइन ऑर्डरचं काम चालू होतं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला, पानाचा कच्चा आराखडा दाखवला आणि म्हणाल्या, "यात काय चुकतंय, सांगा."

मी चार गोष्टी सांगितल्या. औषध दुकानदार ऑर्डर देताना चित्रं बघत नाही. नावाची पहिली तीन-चार अक्षरं टाइप करून शोधतो. त्यामुळे पानभर पसरलेले फोटो नुसती जागा खातात. दुसरं, सारख्या वाटणाऱ्या नावांची औषधं यादीत एकाखाली एक आली की हमखास घोळ होतो. म्हणून नावाला लागूनच किती मिलिग्रॅमचं आणि कोणत्या कंपनीचं, हे ठळक हवं. तिसरं, बॅच नंबर आणि एक्स्पायरी दोन वेगळ्या पानांवर ठेवू नका. माल परत करताना दोन्ही एकदम लागतात. आणि चौथं, दुकानात गिऱ्हाईक आलं की दुकानदार ऑर्डर अर्धवट टाकून उठतो, तेव्हा ती अर्धी ऑर्डर आपोआप सेव्ह झाली पाहिजे. यातलं काहीच मला कोर्सने शिकवलं नव्हतं. डिस्पॅचच्या टेबलावर वर्षानुवर्षं फोन घेऊन ते अंगात मुरलेलं होतं.

मला तीन महिन्यांचं कंत्राट मिळालं. माझं सीएसएस कच्चं होतं, ते त्यांच्या एका मुलाला बरंच दुरुस्त करावं लागलं. तरी त्यांनी मला ठेवून घेतलं, कारण दुकानदाराची अडचण माहीत असलेलं त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

तेव्हापासून माझ्या बायोडेटाची पहिली ओळ अशी आहे: "औषध वितरणात १७ वर्षं, आता ऑर्डर आणि साठ्याच्या वेबसाइट डिझाइन करतो." तुम्ही नर्स होता, हिशेबनीस होता, शिक्षक होता, जे काही होता ते याच ओळीत आलं पाहिजे. नंतर फोनमधली जुनी नावं काढा. जुने सहकारी, माल देणारे, माल घेणारे. "काम आहे का?" असं विचारलं की समोरचा अवघडतो आणि विषय तिथेच संपतो. मी विचारतो, "तुमच्या वेबसाइटवर लोकांना काय सापडत नाही? कशासाठी त्यांना शेवटी फोनच करावा लागतो?" यावर माणूस दहा मिनिटं बोलतो आणि त्या बोलण्यातच पुढचं काम दडलेलं असतं. दर सोमवारी सकाळी तीन फोन, हा माझा नेम आहे. काम हातात असतानाही मी तो मोडत नाही.

पोर्टफोलिओत दहा खोटी कामं

काल्पनिक कॅफेचं पान, टू-डू लिस्ट आणि एखाद्या प्रसिद्ध व्हिडिओ साइटची हुबेहूब नक्कल. ही तीन कामं मी इतक्या पोर्टफोलिओंत पाहिली आहेत की लिंक उघडण्याआधीच ती डोळ्यांसमोर येतात. व्हिडिओ थांबवत थांबवत कोड टाइप करणं हा सराव आहे. तो जरूर करा. पण तो काम म्हणून दाखवू नका.

एका शिक्षिकेने मला तिचा पोर्टफोलिओ पाठवला होता. बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. पोर्टफोलिओत अकरा प्रकल्प, सगळे देखणे, सगळ्यांत लोरेम इप्सम, म्हणजे नुसती जागा भरायचा निरर्थक मजकूर. मी फोनवर एक उघडला, संपर्काचा फॉर्म भरला, बटण दाबलं. काहीच झालं नाही. विचारलं तर म्हणाली, "तो फक्त दाखवायला आहे." मी म्हटलं, "ताई, अकराच्या अकरा काढून टाका आणि खऱ्या माणसांसाठी एक साइट करा." तिला वाईट वाटलं, ते आवाजावरून कळलं. पण तिने ऐकलं. तिच्या ओळखीत शिक्षकांचा एक गट होता. प्रश्नपत्रिका आणि सरावाचे कागद ते एकमेकांना व्हॉट्सॅपवर पाठवायचे, आणि आठवड्याभरात कोणता कागद कुठे गेला ते कोणालाच सापडायचं नाही. त्यांच्यासाठी तिने साइट करायला घेतली.

पहिले तीन आठवडे नुसता मजकूर गोळा करण्यात गेले. अर्धे कागद आडवे स्कॅन केलेले. फाइलींची नावं 'नवीन', 'नवीन २', 'शेवटची नवीन'. एका धड्याचं नाव एवढं लांब की तिने आखलेल्या चौकटीत ते मावेना. आणि आधी गटाला इयत्तेनुसार मांडणी हवी होती, नंतर विषयानुसार. लोरेम इप्सम अशी कधी भांडत नाही. ती चौकटीत बरोबर बसते, कारण आपण तिला हवी तेवढीच टाकतो. खरा मजकूर आला की डिझाइन मोडतं आणि ते परत उभं करताना माणूस डिझाइन शिकतो.

तिने त्या कामाची दोन पानांची हकिगत लिहिली: अडचण काय होती, आधी काय चुकलं, शोधाची चौकट वर का नेली, आता शिक्षक काय वेगळं करतात. पुढच्या मुलाखतीत पाऊण तास फक्त त्यावरच बोलणं झालं. शैक्षणिक साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीत तिला काम मिळालं.

इथे उतावळेपणाबद्दल बोलायलाच हवं. "तीस दिवसांत वेब डिझायनर" असं सांगणारे तुमच्या काळजीवर धंदा करत असतात. आता एआयला सांगून दोन मिनिटांत पान तयार होतं, आणि ते पोर्टफोलिओत टाकून लोक पाठवतात. मीही एआय वापरतो, त्याला माझा विरोध नाही. पण मी विचारतो, "हे बटण इथे का आहे?" आणि समोर शांतता पसरते. जे तुम्हाला समजावून सांगता येत नाही, ते तुमचं काम म्हणून दाखवू नका. तयार थीम घेऊन तीन रंग बदलणं, हाही त्यातलाच प्रकार.

मी पहिल्या मिनिटात काय बघतो

साइट फोनवर उघडतो. पान बारीक होऊन दिसलं आणि बोटांनी मोठं करावं लागलं, तर बहुधा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीला बसवायला सांगणारी कोडमधली ओळ, राहिलेला असतो. तो नसला की फोनचा ब्राउझर साधारण ९८० पिक्सेल रुंदीचं पान धरतो आणि ते छोट्या पडद्यात कोंबतो. एका ओळीची दुरुस्ती आहे.

नंतर फिकट करडी अक्षरं. वेबच्या सुलभतेचे, म्हणजे दिसायला किंवा हात चालवायला अडचण असलेल्यांनाही साइट वापरता यावी यासाठीचे, डब्ल्यूसीएजी नावाचे निकष आहेत, त्यांच्या एए पातळीनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा. मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. तपासायला फुकट साधनं आहेत, अर्धं मिनिट लागतं. चाळिशीनंतर जवळचं वाचायला आपल्याच डोळ्यांना त्रास होतो, तेव्हा ही गोष्ट आपल्याइतकी कोणाला जाणवणार? तरी आपलेच लोक तरुण दिसायचं म्हणून करड्यावर करडं लिहितात. मला याचा खरंच राग येतो. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून अनेक डिजिटल सेवांना सुलभतेचा कायदा लागू झाला आहे. माऊसला हात न लावता फक्त कीबोर्डवर साइट चालते का, चित्रांना ऑल्ट मजकूर (चित्र न दिसणाऱ्यासाठी शब्दांतलं वर्णन) आहे का, फॉर्मच्या रकान्यांना लेबल आहे का, हे नीट तपासता येणारा माणूस एजन्सीला हवा असतो. नवीन फ्रेमवर्कच्या (साइट बनवायच्या तयार कोडच्या सांगाड्यांच्या) मागे धावण्यापेक्षा हे शिका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

वेग: मोठा फोटो कॅमेऱ्यातून आला तसाच चढवू नका. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, असं गूगलचं माप आहे. वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या फोटो-फाइलींच्या प्रकारात बदला आणि लागतो तेवढ्याच आकाराचा ठेवा.

गिऱ्हाइकाचं डोमेन आपल्या नावावर

माझ्या दुसऱ्या कामात मी सोय म्हणून एका छोट्या व्यवसायाचं डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, माझ्याच खात्यातून घेतलं. वर्षभराने माझं कार्ड बदललं, नूतनीकरणाचे पैसे कापले गेले नाहीत, आणि सूचनेचे मेल मी बघत नसलेल्या पत्त्यावर येत राहिले. एका सकाळी त्यांची साइट बंद. साइटपेक्षा वाईट म्हणजे त्याच डोमेनवरचे त्यांचे सगळे मेलही बंद. मुदत संपून थोडेच दिवस झाले होते, म्हणून पैसे भरून ते लगेच परत मिळालं. डॉट कॉम डोमेन रजिस्ट्रारने (ज्या कंपनीकडून डोमेन घेतो तिने) एकदा रद्द केलं, की पैसे भरून सोडवायला ३० दिवसांची मुदत असते, त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणालाही घेता येतं. माझ्यामुळे त्यांचा दोन दिवसांचा धंदा बुडाला. मी जाऊन माफी मागितली आणि वर्षभराची देखभाल पैसे न घेता केली.

आता मी गिऱ्हाइकाशेजारी बसतो आणि डोमेन, होस्टिंग, सगळं त्यांच्या नावावर, त्यांच्या मेलवर, त्यांच्या कार्डाने घ्यायला लावतो. काम संपताना पासवर्डांसकट सगळा कारभार त्यांच्या ताब्यात. एवढं स्वच्छ वागलं की तेच गिऱ्हाईक पुढची दोन नावं सुचवतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

थोडक्यात सांगण्यासारखं

फुकट काम करायचंच तर एकच करा. किती पानं, किती दुरुस्त्या, कधी संपणार, हे आधी लिहून घ्या.

पैशाच्या कामात अर्धी रक्कम सुरुवातीला घ्या. ती मागताना जीभ अडखळत असेल, तर घरी मोठ्याने बोलून सराव करा. मी केला होता.

एकच मजकूर पन्नास ठिकाणी पाठवू नका. पाच ठिकाणी पाठवा, प्रत्येकाच्या साइटवरची एक खरी अडचण दाखवून.

एक छोटं बॅकएंड (साइटचा पडद्यामागचा, माहिती साठवणारा भाग) जमलं म्हणून स्वतःला फुल स्टॅक, म्हणजे पुढचं-मागचं सगळं येणारा, म्हणवू नका. दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

पगार चालू असताना शिका. पैशाची ओढाताण सुरू झाली की माणूस मिळेल ते काम घेतो आणि पोर्टफोलिओत दाखवण्यासारखं काही उरत नाही.

आणि आपल्याहून लहान माणसाच्या हाताखाली काम करावं लागेल, त्याची मनाची तयारी आधीच करा. "आमच्या वेळी" हे शब्द ऑफिसात काढू नका. पहिल्या कंत्राटात माझं सीएसएस दुरुस्त करणारा मुलगा २४ वर्षांचा होता. माझा कोर्स जुनाट होता, मी अजून फ्लोट या सीएसएसच्या जुन्या पद्धतीने पान रचत होतो, आणि ग्रिड ही मांडणीची नवी पद्धत तर २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालत होती. त्याने खुर्ची ओढली, म्हणाला, "काका, हे सगळं पुसू या का?" मी हो म्हटलं. तासाभरात त्याने माझं अख्खं पान ग्रिडमध्ये बसवून दाखवलं. नंतर मी ते पुसून एकट्याने पुन्हा केलं, तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, "हे बॅच नंबर म्हणजे नक्की काय असतं हो?"