वैद्यकाच्या इतिहासाचा तक्ता करताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत पुण्यातल्या शाळांमध्ये वैद्यकाच्या इतिहासाचे तक्ते तपासायला मला बोलावतात. मुलं मन लावून काम करतात, म्हणूनच चुकीची ओळ खोडायला सांगताना वाईट वाटतं. आधीच सांगितलेलं बरं.

सगळ्यात जास्त घोळ होतो नाकाच्या शस्त्रक्रियेत. चित्र असतं कपाळाच्या कातडीचं आणि खाली लिहिलेलं असतं ‘सुश्रुत’. सुश्रुतसंहितेत कातडी गालाची घ्यायला सांगितली आहे. कपाळावर खूण असलेला तो चित्रातला माणूस म्हणजे कावसजी. तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त काळ त्याने तसाच काढला, मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नवं नाक बसवलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने बेतायचा, तो कपाळावर ठेवून भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. दोन भुवयांमध्ये मात्र ती जोडलेलीच ठेवायची. रक्त तिथूनच येतं, म्हणून कातडी जगते. मग ती पिळून खाली आणायची, कात लावून बसवायची आणि साधारण पंचविसाव्या दिवशी तो दुवा कापायचा. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात हे छापून आलं. त्याच धर्तीवर इंग्रज शल्यवैद्य जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया केली. तेव्हा तक्त्यावर दोन चित्रं काढा, गालाचं वेगळं, कपाळाचं वेगळं. दुसऱ्याखाली ‘पुण्याजवळचा वीटकरी’ एवढं तरी नक्की लिहा. ते श्रेय त्याचं आहे.

आनंदीबाई जोशींच्या फोटोखाली ‘अनेक वर्षं रुग्णसेवा’ लिहू नका. मार्च १८८६ मध्ये त्यांना फिलाडेल्फियात पदवी मिळाली, कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली, पण २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात वारल्या. वय अवघं एकवीस. वर्षानुवर्षं रुग्ण तपासले ते डॉ. रखमाबाईंनी, सुरतेत आणि राजकोटला.

प्लेगच्या तक्त्यावर सन नीट लावा. प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांनी मुंबईत ती स्वतःला टोचून घेतली ती जानेवारी १८९७ मध्ये. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या १० मार्च १८९७ ला. उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांना कराचीत दिसलं ते १८९८ मध्ये. म्हणून १८९७ च्या पुण्यातली, प्लेगचे रोगी शोधायला झालेली घरझडती दाखवताना शेजारी पिसूचं चित्र लावू नका. झडती घेणाऱ्या सोजिरांना ते ठाऊक नव्हतं, आणि ज्यांचं सामान रस्त्यावर आलं त्यांनाही नव्हतं.