मोठी बाटली महाग का पडते आणि बॉम्बर घेण्याआधी हिशोब कसा लावायचा

जास्त घेतलं की स्वस्त पडतं हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की आपण तपासतसुद्धा नाही. इथे अमेरिकेत क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे छोट्या ब्रुअरींनी (बिअर कारखान्यांनी) बनवलेल्या बिअरच्या, रॅकसमोर मात्र हे उलटं होतं. २२ औंसची (एक औंस म्हणजे साधारण ३० मिली) एकटी मोठी बाटली, जिला सगळे बॉम्बर म्हणतात, ती औंसामागे सिक्स पॅकपेक्षा बरीच महाग असते. कॉर्क लावलेली ७५० मिलीची बाटली तर बऱ्याचदा त्याच्याही पुढे. मला स्वतःला या मोठ्या बाटल्या फार आवडतात, म्हणूनच वाटतं की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावी.

आधी साधा भागाकार करा, तिथेच रॅकसमोर उभं राहून, फोनवर. समजा बॉम्बर ७.९९ डॉलरला आहे आणि शेजारचा सिक्स पॅक ११.९९ ला. सिक्स पॅक म्हणजे १२ औंसच्या सहा बाटल्या, एकूण ७२ औंस, म्हणजे औंसाला १७ सेंटपेक्षा थोडं कमी. बॉम्बरचे ७.९९ भागिले २२ केले की ३६ सेंट. दुपटीपेक्षा जास्त! ७५० मिलीच्या बाटलीत साधारण २५.४ औंस असतात, तिथे भागायला तो आकडा घ्या. काही दुकानांत किमतीच्या पट्टीवर युनिट प्राइस छापलेली असते, पण ती औंसाची आहे की पाइंटची की अख्ख्या पॅकची ते नीट वाचा, नाहीतर तुलनाच चुकते. आणि बाटलीचं डिपॉझिट, जे ओरेगन आणि मिशिगनमधे १० सेंट आहे, ते यात धरू नका कारण बाटली परत केली की ते परत मिळतं.

आता इथे थांबलात तर निष्कर्ष चुकीचा निघेल, कारण बहुतेक वेळा दोन्हीकडे बिअर एकच नसते. सिक्स पॅकमधे ५ टक्के अल्कोहोलची पेल एल (फिकट रंगाची रोजची बिअर) आणि बॉम्बरमधे १० टक्क्यांची इम्पीरियल स्टाउट (काळी, स्ट्राँग बिअर), असं असतं. स्ट्राँग बिअरला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, खूप जास्त लागतं, टाकीत जास्त दिवस ठेवावी लागते, आणि बर्बन व्हिस्कीच्या पिंपात मुरवली असेल तर काही महिने ते वर्षभर पैसे आणि जागा दोन्ही अडकतात, वर पिंपातून थोडी उडूनही जाते. म्हणून दुसरा भागाकार अल्कोहोलचा करून बघा. २२ औंसचे १० टक्के म्हणजे २.२ औंस, ७२ चे ५ टक्के म्हणजे ३.६. मग अल्कोहोलच्या औंसाला भाव येतो बॉम्बरचा ३.६३ डॉलर आणि सिक्स पॅकचा ३.३३. बघा, दुपटीचा फरक जवळपास गेलाच. हा हिशोब स्वस्तात चढावी म्हणून नाही करायचा, बिअरमधे किती माल घातलाय याचा तो कच्चा अंदाज आहे एवढंच.

मग उरलेला फरक कुठून येतो? बरेच जण म्हणतात टॅक्स. नाही. छोट्या ब्रुअरीला पहिल्या ६०,००० बॅरलपर्यंत फेडरल टॅक्स बॅरलला ३.५० डॉलर आहे, एका बॅरलमधे ३१ गॅलन, म्हणजे एका बॉम्बरवर जेमतेम २ सेंट. तो बाटलीच्या साइजवर नाही, बिअरच्या मापावर लागतो.

खरा खर्च बाटली भरण्यात आणि ती दुकानापर्यंत पोचवण्यात आहे. गंमत म्हणजे छोट्या ब्रुअरींना बॉम्बर सोयीचा होता म्हणूनच तो आला, चार तोंडांच्या छोट्या मशीनवर हाताने भरायचं तर कमी बाटल्या, कमी झाकणं, कमी लेबलं, आणि सिक्स पॅकचा खोकाही नको. पण असं हळूहळू भरण्यात माणसाचे तास जातात, आणि ७५० मिलीवाल्यात तर जाड काच, कॉर्क, त्यावर तारेची जाळी, हे सगळं वेगळं. पुढे इथली बहुतेक बिअर ब्रुअरीकडून डिस्ट्रिब्युटर आणि मग दुकान अशी जाते, दारूबंदी १९३३ मधे उठल्यापासून बहुतेक राज्यांत हीच साखळी आहे, आणि प्रत्येकजण आपला नफा टक्क्यांत लावतो. ब्रुअरीत एक डॉलर जास्त खर्च झाला आणि दोघांनी समजा ३० टक्के लावले तर तुमच्यापर्यंत तो १.६९ होतो. खोकंही बघा, १२ बॉम्बरच्या खोक्यात २६४ औंस आणि २४ छोट्या बाटल्यांच्या खोक्यात २८८, उचलायला मात्र दोन्ही सारखंच एक खोकं, म्हणजे तोच खर्च कमी औंसांवर पडतो.

आणि एक कारण सरळ माणसाच्या स्वभावाचं आहे. नवीन बिअर ट्राय करायला ८ डॉलर आपण सहज काढतो, पण न चाखलेल्या बिअरच्या सहा बाटल्या घरी न्यायला हात धजत नाही. त्या एकट्या बाटलीत "आवडली नाही तर?" या भीतीचा विमा विकला जातो असं मी म्हणेन, आणि मला तो कधीकधी पटतो. नुसत्या साइजचा दोष असता तर १९.२ औंसचे उंच सिंगल कॅन पण महाग पडले असते, पण ते बऱ्याचदा सिक्स पॅकच्या आसपास किंवा त्याहून स्वस्त असतात, कारण त्यात रोजची बिअर असते आणि ती मोठ्या लाइनवर भरलेली असते.

म्हणून घेण्याआधी सगळ्यात महत्त्वाचं हे बघा, की तीच बिअर छोट्या पॅकमधे मिळते का. स्टोन ब्रुअरीची अ‍ॅरोगंट बास्टर्ड १९९७ मधे २२ औंसमधे आली आणि नंतर छोट्या पॅकमधेही मिळायला लागली. अलगॅश ब्रुअरीची क्युरिओ, बर्बनच्या पिंपात मुरवलेली ट्रिपेल (बेल्जियन पद्धतीची स्ट्राँग बिअर), आधी कॉर्कवाल्या मोठ्या बाटलीत यायची, नंतर १२ औंसच्या फोर पॅकमधेही आली. बिअर तीच असेल आणि ती आवडते हे माहीत असेल तर मोठी बाटली घ्यायला फक्त एकच कारण उरतं, चारजण बसणार आहेत आणि टेबलावर एकच बाटली फिरवायची आहे.

कारण एकट्यासाठी १० टक्क्यांचा बॉम्बर खूप होतो. इथे एक ड्रिंक म्हणजे ०.६ औंस अल्कोहोल धरतात, त्या हिशोबाने एका बाटलीत साडेतीनपेक्षा जास्त ड्रिंक्स बसतात. उघडल्यावर उद्यासाठी ठेवलीत तर गॅस जातो, चव पडते, आणि शेवटचे ८ औंस सिंकमधे गेले की तुम्ही प्यालात १४ औंस, म्हणजे ३६ सेंटचा औंस तिथेच ५७ सेंटचा झाला.

शेवटी बाटली फिरवून तारीख शोधा. मोठ्या बाटल्या हळू खपतात, आणि आयपीए (हॉप्स नावाच्या वासाच्या फुलांची, कडवट बिअर) असेल तर हॉप्सचा वास काही महिन्यांतच उतरतो, त्यामुळे धूळ बसलेला आयपीएचा बॉम्बर सेलमधे असला तरी मी उचलत नाही. इम्पीरियल स्टाउट किंवा बार्लीवाइन (तीही स्ट्राँग बिअरच) असेल आणि तारीख वर्षभर जुनी असेल तर मात्र खुशाल घ्या.