आठवीसाठी सातारला शाळा बघायला निघण्याआधी

गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपते आणि मार्चपासून घराघरात एकच विषय सुरू होतो, "पोरीला आता सातारला कुठं घालायची?" शेजारच्यांची जिथं जाते तिथं, असं बहुतेक ठिकाणी ठरतं. माझ्या थोरलीच्या वेळी मीही तेच केलं. म्हणून धाकटीच्या वेळी वही घेऊन फिरले. तेच इथं लिहिते.

सातारा शाळांच्या बाबतीत भाग्यवान आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ज्या शाळेच्या पटावर चढलं, ते प्रतापसिंह हायस्कूल आज जिल्हा परिषदेचं आहे. न्यू इंग्लिश स्कूल १८९९चं, रयत शिक्षण संस्थेचं महाराजा सयाजीराव विद्यालय १९४०चं. या नावांचा मान राखूनच सांगते, आपली मुलगी या जूनमध्ये ज्या वर्गात बसणार तो वर्ग बघून या. परीक्षा संपायच्या आत, शाळा भरलेली असताना जा. सुट्टीत गेलात तर फक्त इमारत दिसेल.

ऑफिसात पहिला प्रश्न तुकडीचा. शाळा अनुदानित असली तरी सेमी इंग्रजीची तुकडी विनाअनुदानित असू शकते आणि मग फी वेगळी पडते. कोणती रक्कम कशाची, हे लिहून घ्या. पावती मिळेल का तेही विचारा. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. तेव्हा आपली तुकडी त्यात बसते का आणि गेल्या वर्षी या शाळेतून किती मुलं बसली, हेही त्याच वेळी विचारून टाका.

आता निकाल. फाटकावर "१०० टक्के निकाल"चा फलक असतो आणि आपण तिथंच विरघळतो. गेल्या वर्षी दहावीला किती बसली आणि त्याआधीच्या वर्षी नववीत किती होती, हे दोन आकडे मागा. नववीत ऐंशी आणि दहावीला साठ, तर मधली वीस कुठं गेली? काही शाळा सोडून जातात, काही नापास होतात, पण काही कच्च्या मुलांना "१७ नंबरचा फॉर्म भर" सांगून बाहेरून बसवलेलं असतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं असंच झालं. गणितात मागे होता, शिकवलं असतं तर निघाला असता. माझ्या मते शाळेची खरी ओळख कच्च्या मुलाशी ती कशी वागते त्यातच होते. म्हणून पालकांना विचारताना पहिल्या नंबराच्या मुलांच्या आईबापांपेक्षा काठावरच्या मुलांच्या आईबापांना गाठा.

गणित-विज्ञानाचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, हे विचारायला लाजू नका. मग नववीतल्या एखाद्या मुलाची विज्ञानाची प्रयोगवही मागून चाळा. मी चाळलेल्या एका वहीत सगळ्या प्रयोगांवर एकाच तारखेची सही होती आणि प्रयोगशाळेच्या कपाटातल्या चंचुपात्रांवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ. दुसऱ्या शाळेतली वही डागाळलेली, आकृत्या खोडून पुन्हा काढलेल्या, पण दर आठवड्याची वेगळी तारीख. मला ती दुसरी वही आवडली.

मधल्या सुट्टीत मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जा. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, कचऱ्याचा डबा झाकणाचा आहे का. थोरली ज्या शाळेत होती तिथं कडी तुटलेली होती, मैत्रिणी बाहेरून दार धरायच्या. ती दिवसभर पाणीच प्यायची नाही. भरलेली बाटली संध्याकाळी तशीच परत यायची आणि मला वाटायचं, पोर विसरते. तीन महिन्यांनी लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा कळलं.

मैदान, ग्रंथालय, चित्रकलेचे शिक्षक यांवर एक नजर टाका. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी शाळेतच होत असेल तर बरं, इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात.

कागदांत आधार, सातवीचं गुणपत्रक, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक यांच्या दोन-दोन प्रती. शाळा सोडल्याचा दाखला मात्र नवी शाळा नक्की झाल्यावरच काढा. तो यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे.

शेवटी एसटी. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींचा पास मोफत आहे, पण गाडी वेळेवर हवी. शाळा सुटल्यावर कितीची गाडी आहे, ती चुकली तर पुढची कधी, स्टँड ते शाळा चालत किती, हे मुलीला बरोबर घेऊन एकदा प्रत्यक्ष करून बघा. धाकटीनं त्या फेरीतच शाळा ठरवली. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून म्हणाली, "आई, तिथल्या बाईंनी मला नाव विचारलं."